दाताबद्दल एक तारा कमी

पुस्तक हातात पडलं तेव्हा बत्तीशी एका कवळीला चकाकी देत होती. तिचं खरं नाव कागदपत्रांवर होतं तेवढंच. दातांच्या लॅबमध्ये तीस वर्षं दुसऱ्यांचे दात घडवणाऱ्या बाईला सहकाऱ्यांनी हे नाव दिलं, आणि ते इतकं चिकटलं की आता सासूबाईसुद्धा शेजाऱ्यांशी बोलताना "आमची बत्तीशी" म्हणायच्या.

पाकीट फोडताना तिच्या बोटांवरचं प्लास्टर मुखपृष्ठाला लागलं. ते तिने ॲप्रनने पुसलं, त्याने ते आणखी पसरलं. पुस्तकाचं नाव होतं 'पाचव्या मजल्यावरून'. 'पाचवा मजला' या बँडवर एकेचाळीस जणांनी लिहिलेले एकेचाळीस लेख, आणि त्यातला तेहेतिसावा तिचा. अडीच पानांचा. आयुष्यात तिने लिहिलेला पहिला आणि, तिच्या मते, शेवटचा.

'पाचवा मजला' म्हणजे चार पोरं. एका चार मजली इमारतीच्या गच्चीवर सराव करायची, म्हणून हे नाव. खालच्या लोकांनी तक्रारी केल्या, मग त्याच लोकांची मुलं त्यांच्या मागे वेडी झाली. बत्तीशी तेव्हा तेवीस वर्षांची होती आणि वेडी झालेल्यांत तिचा नंबर बराच वर होता. गायक गाता गाता उजव्या हाताचा पंजा तोंडासमोर आडवा धरायचा. पुढे ती त्या बँडची खूणच झाली. टी-शर्टांवर तो पंजा आला, मैदानांत हजारो माणसं एकदम तोंडासमोर पंजा धरून गायला लागली. संग्रहातला सगळ्यात लांब लेख, एका प्राध्यापक बाईंचा आणि आधी विद्यापीठाच्या नियतकालिकात छापलेला, पूर्ण चौदा पानं त्या पंजावरच होता. दडपलेला आवाज, झाकलेलं तोंड आणि मौनाचं राजकारण, असं बरंच काही त्यात होतं. बत्तीशीने तो दोनदा वाचला. दोन्ही वेळा तिला वाटलं, आपण किती उथळ आहोत, आपण फक्त दातावर लिहिलं.

तिची गोष्ट साधी होती. बँडच्या पहिल्या मोठ्या कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी तीन वाजता लॅबसमोरच्या दवाखान्यात एक तरुण तोंडावर रुमाल धरून आला. सामान चढवताना स्पीकरची कड लागली आणि वरचा समोरचा दात मुळापासून गेला होता. डॉक्टरांनी जखम धुतली, साचा घेतला, रस्ता ओलांडून स्वतः लॅबमध्ये आणून दिला आणि म्हणाले, "सहापर्यंत तात्पुरता दात हवाय. कोणाचा ते विचारू नकोस." तिने विचारलं नाही, कारण खिडकीतून तिला तो दिसला होता, 'पाचवा मजला'चा गायक. अडीच तासांत तिने दात केला. मागच्या बाजूला शेजारच्या दातांवर टेकतील असे दोन छोटे पंख ठेवले. डॉक्टरांनी तो सिमेंटने चिकटवला. तिकिटं कधीच संपली होती, म्हणून संध्याकाळी ती मैदानाच्या भिंतीबाहेर उभी राहिली आणि तिथूनच सगळा कार्यक्रम ऐकला. गायकाने एकही गाणं सोडलं नाही. त्यावरून तिने लेखाचं शेवटचं वाक्य लिहिलं होतं: 'आणि तो दात शेवटच्या गाण्यापर्यंत जागचा हलला नाही.'

एक गोष्ट मात्र तिने लेखातून गाळली होती. त्या दिवशी तयार दातांच्या डबीत त्या जागेचा दात नव्हताच. तिने एक सुळा घेतला होता आणि तो घासून घासून समोरच्या दातासारखा केला होता. कारागिराला असली चलाखी जाहीर करायची लाज वाटते.

पुस्तक विकणाऱ्या साइटवर वाचकांची मतं येतात आणि त्यांना तारे देता येतात, हे तिला नवऱ्याने दाखवलं. तो लिफ्टा दुरुस्त करायचा, दिवसभर अडकलेल्या माणसांशी बोलून शांतपणे माहिती देण्याची त्याला सवय होती. "हे बघ," तो म्हणाला, "इथे बोट ठेवलं की मतं खाली उघडतात. पण सारखं बघत बसू नकोस."

ती सारखं बघत बसली.

पहिलं मत होतं: 'अक्षर बारीक. तीन तारे.' दुसऱ्या दिवशी कोणीतरी लिहिलं, 'बेस गिटार वाजवणाऱ्यावर एकही स्वतंत्र लेख नाही. हे नेहमीचंच आहे. दोन तारे.' तिसरं मत प्राध्यापक बाईंच्या लेखाबद्दल होतं: 'पंजावरचा लेख अप्रतिम. समजला नाही, पण पाच तारे.' बत्तीशी प्रत्येक मत वाचून सासूबाईंना सांगायची, आणि सासूबाई भाजी निवडता निवडता विचारायच्या, "तुझं काही?"

"माझं काही नाही."

"मग ही लोकं वाचतायत तरी काय?"

चौथ्या दिवशी सकाळी अकराला ते आलं. 'दाताचा लेख वाचून बसमध्ये इतकी हसले की शेजारच्या बाई उठून दुसरीकडे बसल्या. एवढ्यासाठी तरी पुस्तक घ्या. पाच तारे.' बत्तीशीने ते सात वेळा वाचलं. मग समोरच्या साच्यात दाढा बसवल्या, मेण लावलं, आणि पेटीत ठेवताना तिच्या लक्षात आलं की उजवीकडची दाढ डावीकडे आणि डावीकडची उजवीकडे गेलीय. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. तिने मेण वितळवून दाढा उपटल्या, आणि हे करतानाही तिला हसू आवरेना. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "बत्तीशी दाखवायचं काम आज तुलाच दिलंय का कोणी?"

त्यानंतर दाताला बरे दिवस आले. एका वाचकाने लिहिलं, एकेचाळीस लेखकांत हात मळलेली एवढी एकच बाई आहे. दुसऱ्याने लिहिलं, त्याला आता दर वेळी गायक दिसला की दात आठवतो, त्यामुळे अर्धा तारा कापावा की द्यावा हे कळत नाही. बत्तीशी जिन्यावरून उतरताना दोन-दोन पायऱ्या उतरायला लागली. वय त्रेपन्न आणि डावा गुडघा दुखरा, पण कोण लक्षात ठेवतो.

आणि मग 'कर्कश' अवतरला.

हे त्याने स्वतः घेतलेलं नाव होतं. त्याचं मत पूर्ण एक पान होतं. 'तेहेतिसावा लेख शुद्ध बनावट आहे,' त्याने लिहिलं. 'त्या कार्यक्रमाचे एकूण अठरा फोटो माझ्या संग्रही आहेत. ज्यात ज्यात दात दिसतात, त्यात सगळे दात जागच्या जागी आहेत. दात पडल्याचा उल्लेख चारही जणांच्या एकाही मुलाखतीत नाही. कोणा बाईंना प्रसिद्धीची हौस आली आहे. एक तारा, तोही कागदाच्या दर्जासाठी.'

बत्तीशीने फोन पालथा ठेवला. मग उचलला, परत वाचलं. "दात जागच्या जागी दिसतात म्हणूनच तर तो चांगला दात," ती नवऱ्याला म्हणाली. "दिसला असता तर मी वाईट कारागीर ठरले असते."

"तसं लिही मग."

"लेखिकेने आपल्याच लेखावर भांडायचं? बरं दिसतं का ते?"

बरं दिसण्या-न दिसण्याचा प्रश्न सासूबाईंना पडला नाही. त्यांनी दुपारी चष्मा लावला, मुलाचा जुना फोन घेतला आणि एका बोटाने दीड तास काहीतरी टिपलं. संध्याकाळी साइटवर 'एक निःपक्षपाती वाचक' या नावाने नवं मत होतं. 'तेहेतिसावा लेख शंभर टक्के खरा आहे. लेखिकेला मी ओळखत नाही. पण ती खोटं बोलणाऱ्यांतली नाही. तिला खोटं बोलता येतच नाही, बोलली की कान लाल होतात. ती नोकरी करून घर बघते आणि सासूचं पथ्यपाणीही वेळच्या वेळी करते. कर्कश यांनी फोटो बघण्यापेक्षा स्वतःचे दात तपासून घ्यावेत. पाच तारे.'

खाली दोन तासांत चौदा जणांनी लिहिलं: 'सासूबाई, नमस्कार.'

"यांना कळलं कसं?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, पथ्यपाण्यापर्यंत कशाला गेलात?"

"खरं ते लिहिलं."

आता मतांचा पूर आला. पुस्तक न वाचलेलेही मत द्यायला लागले. एक गट दाताचा, एक गट कर्कशचा. एका दंतवैद्याने तांत्रिक बाजू सांगितली: असा दात एखादी संध्याकाळ टिकू शकतो, पण गाणं म्हणणाऱ्याच्या तोंडात टिकेलच असं नाही. बेसवर लेख नाही म्हणणारा तो बेसवाला वाचक मध्येच येऊन म्हणायचा, बघा, अजूनही बेसबद्दल कोणी बोलत नाहीये. पुस्तकाच्या संपादिकेचा फोन आला. आवाजावरून त्या नाचत होत्या. "पहिली आवृत्ती संपत आलीय," त्या म्हणाल्या. "काही करू नका. फक्त सासूबाईंना थांबवू नका."

आणि या सगळ्या गोंधळात, एका मंगळवारी, 'तिसरी रांग' नावाच्या वाचकाचं मत आलं.

'पुस्तक आवडलं. दाताचा लेख सगळ्यात जास्त. पण त्यातलं शेवटचं वाक्य चूक आहे, म्हणून एक तारा कमी. दात शेवटपर्यंत टिकला नाही. चौथ्या गाण्यात "थांबू नकोस" म्हणताना "थ"वर काहीतरी सुटलं आणि तिसऱ्या रांगेत माझ्या गालावर बसलं. ते शर्टाच्या कॉलरमध्ये पडलं. मी सोफ्यांची कव्हरं शिवतो. घरी जाऊन पाहिलं तर मला ते शिंपल्याचं तुटकं बटण वाटलं, म्हणून बटणांच्या डब्यात टाकलं. लेख वाचल्यावर डबा उलटा केला. बटणाला भोकं असतात. याला नाहीत. याला मागे दोन पंख आहेत. चार तारे.'

बत्तीशी लॅबच्या मागच्या खोलीत गेली, साच्यांच्या मांडणीला पाठ लावून उभी राहिली आणि तिला कळेना की तिला काय होतंय. तीस वर्षं ती एका अभिमानावर जगली होती. तिचा दात टिकला होता. तोच अभिमान तीन ओळींत कोसळला होता. रडू यायला हवं होतं. पण पोटातून वर जे आलं ते हसू होतं, उचकीसारखं, थांबवता न थांबणारं. तो दात उडाला होता. भर गाण्यात, हजारो लोकांसमोर, तिचा दात उडून एका माणसाच्या गालावर बसला होता, आणि ती भिंतीबाहेर उभी राहून डोळे मिटून ऐकत होती.

संपादिकेने रविवारी दुपारी वाचनालयाच्या मधल्या खोलीत वाचकांचा मेळावा ठेवला. बत्तीशी खिशात भिंग घेऊन गेली. सोबत सासूबाई, ठेवणीतल्या साडीत. तीस-पस्तीस माणसं जमली होती. लोक एकमेकांना साइटवरच्या मतांवरून ओळखत होते, त्यामुळे खोलीत विचित्रच संवाद चालले होते. "तुम्हीच का अर्धा तारा?" "हो, आणि हे अक्षर बारीक." बेसवाला कोपऱ्यात एकटा बसला होता. सासूबाई त्याच्याशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "बेस म्हणजे नेमकं कोणतं ते मला नीट सांगा." त्याचा चेहरा उजळला.

कर्कश म्हणजे भूमिती शिकवणारे एक निवृत्त शिक्षक निघाले, आवाज लोण्यासारखा मऊ. काखेत फोटोंची फाइल, पिशवीत टेपरेकॉर्डर. ते बत्तीशीला म्हणाले, "बाई, राग मानू नका. पुराव्याशिवाय मला झोप येत नाही."

"मलाही आता येत नाही," ती म्हणाली.

मग सोफेवाला आला. ठेंगणा, गोल, गळ्यात अजून मोजपट्टी तशीच. त्याने बटणांचा पत्र्याचा डबा टेबलावर ठेवला, आतून एक कापसाची पुडी काढली आणि तिच्यापुढे सरकवली. "बघा, तुमचाच आहे का."

तिने भिंग डोळ्याला लावलं. सगळी खोली तिच्या पाठीवर वाकली. तिने दात उलटा केला, पंख पाहिले, कड पाहिली. एक पंख अर्धवट तुटला होता. मग तिने दाताचा पुढचा भाग उजेडाकडे धरला. मधोमध एक पुसटसा उंचवटा खालपर्यंत उतरत होता, समोरच्या दातावर कधीच नसतो तसा.

"सुळा आहे," ती म्हणाली.

"म्हणजे तुमचा नाही?" सोफेवाल्याचा आवाज पडला.

"माझाच आहे. डबीत दुसरा दात नव्हता, म्हणून मी सुळा घासून घातला होता. हे मी लेखात लिहिलं नाही. नवऱ्यालाही सांगितलं नाही."

सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "मलाही नाही सांगितलं."

टाळ्या पडल्या. सोफेवाल्याने डोळे पुसले आणि गाल दाखवला, नेमका कुठे लागला होता तो. पण कर्कश सर टाळ्या वाजवत नव्हते. ते फाइलवर वाकून फोटो एका ओळीत लावत होते, हळूहळू, जसे काही फळ्यावर प्रमेय सोडवतायत.

"चौथ्या गाण्याआधीचे हे सात," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "तोंड उघडं. दात जागेवर. हे नंतरचे अकरा." ते थांबले. "दात दिसतात त्या फोटोंत दात आहेत, असं मी लिहिलं होतं. या अकरांत दात दिसतच नाहीत."

"का?" कोणीतरी विचारलं.

"तोंडासमोर पंजा आहे."

मग सगळ्यांच्या माना एकाच वेळी वळल्या, खिडकीजवळ बसलेल्या प्राध्यापक बाईंकडे. त्या उंच, सडसडीत, गंभीर होत्या आणि मांडीवर त्यांच्या चौदा पानांवर खुणेच्या चिठ्ठ्या लावलेलं पुस्तक होतं.

"त्याच्या आधीच्या एखाद्या कार्यक्रमात पंजा दिसतो का?" त्यांनी विचारलं.

"माझ्याकडे आधीचे बासष्ट फोटो आहेत," कर्कश सर म्हणाले. "एकातही नाही. मला फार वाईट वाटतं हे सांगायला."

बत्तीशीला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. पंजा तिच्यामुळे होता. हजारो लोकांचे पंजे, टी-शर्ट, चौदा पानं, मौनाचं राजकारण, हे सगळं एका कच्च्या पंखामुळे, जो तिने घाईत पातळ घासला होता. "बाई," ती म्हणाली, "मी माफी मागते. आणखी दहा मिनिटं मिळाली असती तर मी तो जाड ठेवला असता."

प्राध्यापक बाईंनी चष्मा काढला. त्यांचे खांदे हलायला लागले. सगळ्यांना वाटलं त्या रडतायत. त्या हसत होत्या, आवाज न करता, इतकं की पुस्तक मांडीवरून घसरलं आणि सगळ्या चिठ्ठ्या जमिनीवर पसरल्या. "नशीब माझं," त्या दम लागल्यासारख्या म्हणाल्या, "नशीब मिळाली नाहीत दहा मिनिटं. या लेखावर माझी बढती झालीय."

मग कोणालाच धरबंध राहिला नाही. अर्धा तारा खुर्चीवरून वाकला तो वाकलाच. संपादिका दुसऱ्या आवृत्तीत कोणाचं कोणतं वाक्य बदलायचं ते लिहून घेत होत्या आणि लिहिता लिहिता पेन खाली ठेवत होत्या. बत्तीशी आपलं शेवटचं वाक्य बदलायला तयार होती, कान लाल न होता. प्राध्यापक बाई म्हणाल्या, त्या एकही शब्द बदलणार नाहीत, कारण नंतरची तीस वर्षं तर तोंडात पक्का दात होता आणि तरीही पंजा राहिलाच, मग तो कशासाठी होता ते सांगा. कर्कश सर म्हणाले, हा मुद्दा विचार करण्याजोगा आहे. सोफेवाला म्हणाला, दात मात्र तो देणार नाही, फार तर दाखवेल. बत्तीशीने त्याला सांगितलं की नुसता कापूस बरा नाही, ती त्याला एक छोटी डबी देईल.

"एक शंका," सासूबाई म्हणाल्या. आता त्या बेसवाल्याच्या बाजूने होत्या आणि वहीत काहीबाही लिहिलेलं दिसत होतं. "समोरचा दात नसला की माणूस 'स' नीट म्हणू शकत नाही. माझी कवळी बसवायच्या आधी मीच म्हणू शकत नव्हते. मग त्या दिवशी लोकांना ऐकू कसं आलं नाही?"

कर्कश सरांनी पिशवीतून टेपरेकॉर्डर काढून टेबलावर ठेवला. त्या संध्याकाळची प्रेक्षकांतून कोणी भरलेली टेप त्यांच्याकडे होती. "पाचव्या गाण्यात शिट्टी येते," ते म्हणाले. "आम्ही सगळे तीस वर्षं तो स्पीकरचा दोष समजत होतो."

खोलीतल्या पस्तीस जणांनी टेबलाभोवती डोकी एकत्र आणली. आधी खरखर, मग लोकांचा गलका, मग ढोल, मग, सासूबाईंनी बोट वर करून दाखवलं तसा, बेस. आणि मग तो तरुण आवाज: "सरळ सरळ सांग, सारे रस्ते संपले का?" प्रत्येक 'स'वर एक बारीक, गोड, प्रेशर कुकर जोरात वाजण्याआधी येते तशी शिट्टी. ओळीत होते सहा 'स'. सहाही वाजले.

वाचनालयाच्या बाई किल्ल्या वाजवत दारात आल्या. शेजारच्या खोलीत लोक वाचतायत, हे वाचनालय आहे, असं त्यांनी सांगितलं. कोणी ऐकत नव्हतं, कारण कर्कश सर टेप मागे घेत होते आणि बत्तीशी म्हणत होती, "तेवढी ओळ परत लावा." वाचनालयाच्या बाई क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी दार आतून लोटलं, किल्ल्या खिशात टाकल्या आणि विचारलं, "कोणती ओळ?"